रक्ताची उलटी: खानापुरात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झालेल्या रुग्णाला आधी शिरेत दोन जाड सुया, सलाइन आणि रक्तगटाची तपासणी हवी. पोटातील आम्ल कमी करणारे पँटोप्राझोल ८० मिलिग्रॅम शिरेतून जरूर द्या, पण तेवढ्यावर विसंबून एंडोस्कोपीसाठी (दुर्बिणीतून पोटाच्या तपासणीसाठी) बेळगावला पाठवणे लांबवू नका. डोळे पिवळे, पोटात पाणी, दारूचे व्यसन अशा यकृताच्या आजाराच्या खुणा दिसल्या, तर हृदयविकार नसल्याची खात्री करून रक्तस्राव आटोक्यात आणणारे टर्लिप्रेसिन २ मिलिग्रॅम आणि सोबत सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक १ ग्रॅम लगेच सुरू करा. यातले प्रतिजैविकच नवखे डॉक्टर विसरतात, आणि यकृताच्या या रुग्णांत मृत्यू कमी होतात ते त्यानेही. रक्ताची गुठळी टिकवून ठेवणारे ट्रानेक्झामिक ॲसिड मात्र सवयीने देऊ नका. पोट-आतड्यांतील रक्तस्रावावरच्या २०२० च्या हॉल्ट-इट या मोठ्या वैद्यकीय चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, शिरांतील गुठळ्या वाढल्या. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्यांची पाकिटे नातेवाइकांकडून आवर्जून मागवून घ्या; अशा वेदनाशामक गोळ्यांनीही पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो.