गावचा खडक आणि पर्यटन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या शिवारात कुकडीच्या पात्रात रांजणखळगे (पाण्याने खडकात कोरलेले रांजणासारखे गोल खड्डे) आहेत, पण निघोजइतके मोठे नाहीत. पर्यटनस्थळाचा ठराव ग्रामसभेत आणायचा आहे. जागा त्या योग्यतेची आहे की नाही, हे कसे ठरवावे?
— ग्रामपंचायत सदस्य, शिरूर तालुका

उत्तर : ठरावाच्या आधी तीन वेगळे तक्ते करा. पहिल्यात जागेचे शास्त्रीय मोल, दुसऱ्यात लोकांना ती पाहता-समजता येण्याची सोय आणि तिसऱ्यात ती बिघडण्याचा धोका. प्रत्येक मुद्द्याला १ ते ४ गुण द्या. दोघांनी एकमेकांना न विचारता गुण द्यावेत. फरक एकापेक्षा जास्त पडला, तर दोघांनी मिळून पुन्हा जागेवर जावे. मात्र तिन्ही तक्त्यांची बेरीज कधीही करू नका. रस्ता चांगला म्हणून मिळालेले गुण खडकाच्या नाजूकपणावर पांघरूण घालतात. मग कागदावर उत्तम दिसणारी जागा दोन हंगामांत खराब होते.

मोजणी पाणी ओसरल्यावर, साधारण फेब्रुवारी ते मे या काळात करा. प्रत्येक खळग्याच्या तोंडाची रुंदी दोन दिशांनी घ्या आणि खोली वजन बांधलेल्या टेपने मोजा. खळगा वाळूने भरला असेल तर सळई टोचून अंदाज घ्या, उकरू नका. तळातले गोल गोटेही तिथेच राहू द्या. पुराच्या भोवऱ्यात हेच गोटे गरगर फिरून बसाल्ट कोरतात. गोटे आणि वाळू उपसली, तर खळगे कोरणारे हत्यारच गेले. म्हणून आसपास वाळूउपसा होत असेल, तर धोक्याच्या तक्त्यात सरळ ४ लिहा.

निघोज आणि पलीकडच्या टाकळी हाजीचे मोठे खळगे एवढ्या जवळ असताना फक्त लहान खळगे बघायला कोणी वाट वाकडी करणार नाही. पण तुमच्याकडे उथळ बशीएवढा खोलगट भाग, गुडघाभर खळगा आणि मधली भिंत झिजून एक झालेले दोन खळगे असे सगळे टप्पे शे-दीडशे मीटरांत दिसत असतील, तर शाळांच्या सहलींसाठी ती जागा निघोजपेक्षाही उपयोगी ठरेल. मग प्रस्ताव सहलींचा करा, जत्रेचा नको.

दुसऱ्या तक्त्यात गाडी थांबते तिथून चालण्याचे अंतर, उतार, सावली, स्वच्छतागृह, मोबाइलची रेंज आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे अंतर या गोष्टी याव्यात. धोक्याच्या तक्त्यात माणसांना असलेला धोकाही नोंदवा. खळग्याच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या असतात. कित्येक खळगे तोंडापेक्षा आत जास्त रुंद असतात, त्यामुळे पाण्यात पडलेल्याला कडेला धरून वर येता येत नाही. कुकडीला वरच्या धरणांतून पाणी सुटते, आकाश निरभ्र असले तरी. पाटबंधारे खात्याकडून आवर्तनाची (धरणातून ठरलेल्या वेळी पाणी सोडण्याची) सूचना कोणाला येणार आणि पात्र रिकामे कोण करणार, हे ठरेपर्यंत लोकांना खाली सोडू नका.

एक कळकळीची विनंती. निधी आला की पहिले काम म्हणून पात्रात सिमेंटच्या पायऱ्या आणि खडकात छिद्रे पाडून रेलिंग करण्याकडे ओढा असतो. पुरात ओंडके आणि झाडोरा रेलिंगला अडकतो, रेलिंग उखडते आणि सोबत कडेचे खडकही फुटतात. कठडा हवा असेल तर काठावर, पूररेषेच्या बाहेर घाला.

प्रश्न : सांदण दरीसारखी एक अरुंद घळ आमच्या हद्दीत आहे. रोज किती माणसे सोडावीत?
— वन व्यवस्थापन समिती सदस्य, अकोले तालुका

उत्तर : आधी कागदावरचा हिशोब करू. वाट ६०० मीटर आणि गट १५ जणांचा धरू. एका माणसाला एक मीटर आणि दोन गटांत ५० मीटर अंतर ठेवले, तर एका गटाला ६५ मीटर लागतात. म्हणजे एका वेळी ९ गट, १३५ माणसे. घळ सात तास उघडी आणि फेरी दोन तासांची असेल, तर दिवसाला साडेतीन फेऱ्या, म्हणजे सुमारे ४७२ माणसे होतात.

आता घळीतली सर्वांत अडचणीची जागा शोधा. एकेकानेच उतरावे लागेल असा खडक असेल आणि माणशी एक मिनिट लागत असेल, तर जाऊन-येऊन दोन मिनिटे झाली. सात तासांच्या ४२० मिनिटांत जास्तीत जास्त २१० जण होतात. खरा आकडा हाच, आणि त्यातही मुलांसाठी व दमलेल्यांसाठी सूट ठेवावी लागेल. बहुतेक ठिकाणी पहिला आकडा फलकावर जातो आणि गर्दी त्या एकाच खडकापाशी तुंबते.

जून ते ऑक्टोबर घळ पूर्ण बंद ठेवा. अवकाळी पावसाचे ढग दिसले तर इतर महिन्यांतही. पाऊस वरच्या पठारावर पडतो आणि आत उन्हात उभ्या असलेल्यांना लोंढा येईपर्यंत पत्ता लागत नाही. वनजमीन असेल तर हे सगळे नियम वनविभागाच्या लेखी परवानगीतच घालून घ्या.

प्रश्न : विहीर खोदताना पांढरे-हिरवे स्फटिक निघाले. पर्यटकांना विकावेत का?
— शेतकरी, सिन्नर तालुका

उत्तर : विक्रीआधी तहसीलच्या गौण खनिज शाखेत लेखी विचारा. विहिरीच्या भिंतीतले स्फटिक फोडून काढू नका. तो खडक ढासळला तर जीवावर बेतेल. ढिगाऱ्यात आधीच पडलेले नमुने वेगळे करा आणि प्रत्येकावर गट नंबर, खोली व तारीख लिहा. ही नोंद नसेल तर नमुन्याचे निम्मे मोल जाते. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. ॲसिड वापरू नका. स्कोलेसाइटसारखी जिओलाइट (बसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारी, अंगात पाणी धरणारी खनिजे) त्यात विरघळून चिकट होतात. लॉमोंटाइट हे जिओलाइट तर कोरड्या हवेतही पाणी गमावून भुरभुरते, त्यामुळे ते उन्हात मांडू नका.

प्रश्न : लोणारजवळच्या आमच्या शाळेला माहितीफलक लिहायचा आहे. काय लिहावे?
— शिक्षक, बुलढाणा जिल्हा

उत्तर : साठ-सत्तर शब्द पुरे. फलकाजवळ उभे राहून बोट दाखवता येईल तेवढेच लिहा : विवराची वर उचललेली कड, बाहेरच्या बाजूचा उतार, सुमारे १.८ किलोमीटरचा व्यास. ‘जगात पहिले’, ‘आशियात सर्वांत मोठे’ अशी वाक्ये आधाराशिवाय लिहू नका. वयाबाबत जास्त जपा. जुन्या मापनातून सुमारे ५२ हजार वर्षे हे वय आले होते, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या (खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याच्या) मापनातून सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. दोन्ही आकडे पद्धतीसह लिहा. शास्त्रात वाद कसा चालतो, हे मुलांना त्यातूनच कळेल.