नवी नायक आली

प्रश्न असा आहे: गाजलेल्या चित्रपटमालिकेतला पुरुष नायक नव्या भागात स्त्री असेल, तर मराठीत त्याला 'नायकाचा लिंगबदल' म्हणावं का? आणि त्या नव्या पात्राला 'नायिका' म्हणायचं की 'स्त्री-नायक'?

'लिंगबदल' अजिबात म्हणू नये. हा शब्द मथळ्यांत वाचून वाचून मी वैतागलोय. लिंगबदल ही माणसाने स्वतःच्या आयुष्यात, स्वतःच्या शरीराबाबत घेतलेल्या निर्णयाची गोष्ट आहे, आणि त्या अर्थाने तो शब्द मराठीत पक्का रुजला आहे. पटकथाकाराने पुरुषाच्या जागी बाई लिहिली, यात कुणाचाही लिंगबदल झालेला नसतो. मराठीत 'पुरुषपात्र' आणि 'स्त्रीपात्र' हे चांगले रुळलेले शब्द आहेत. 'पुरुषपात्राचं स्त्रीपात्र केलं' म्हणा, मामला संपला. शिवाय 'पात्र' हा शब्द मुळातच नपुंसकलिंगी. ते पात्र. त्यात पुरुष ओता, बाई ओता, भांडं तेच.

बरं, ज्यांना सरसकट 'लिंगबदल' म्हटलं जातं ती उदाहरणं तरी एका जातीची आहेत का? 1995 च्या 'गोल्डनआय' या बाँडपटात जूडी डेंच 'एम', म्हणजे बाँडच्या वरिष्ठ झाल्या. तिथे जुना 'एम' बाई झालेला नाही, त्या खुर्चीत दुसरी व्यक्ती आली. 2021 च्या 'नो टाइम टू डाय'मध्ये बाँडचा 007 हा क्रमांक लशाना लिंच यांनी केलेल्या नोमीकडे जातो. क्रमांक हा हुद्दा आहे आणि हुद्दा हस्तांतरित होतो. बाँड बाँडच राहतो, आणि त्याच चित्रपटात तो क्रमांक त्याला परतही मिळतो. 2016 च्या 'घोस्टबस्टर्स'मधल्या चौघी म्हणजे 1984 च्या चित्रपटातले पुरुष नव्हेत. त्या वेगळ्या नावांच्या, वेगळ्या बायका आहेत, भुतं पकडायचा धंदा फक्त तोच. 'सॉल्ट'चं उदाहरण आणखी निराळं. पटकथेत एडविन सॉल्ट होता, 2010 मध्ये पडद्यावर अँजेलिना जोलीची एव्हलिन सॉल्ट आली, म्हणजे बदल कागदावरच झाला. प्रेक्षकांना एडविन कधी भेटलाच नाही.

हे काही आजचं फॅडही नाही. 'द फ्रंट पेज' या 1928 च्या नाटकातला हिल्डी जॉन्सन हा बातमीदार पुरुष होता. 1940 च्या 'हिज गर्ल फ्रायडे'त तो रोझलिंड रसेलने केलेली बाई झाला, आणि वर संपादकाची घटस्फोटित बायकोही. त्याआधी 1921 मध्ये आस्ता नील्सनच्या मूकपटात हॅम्लेट ही मुलगा म्हणून वाढवलेली मुलगी आहे. सारा बर्नहार्टने 1899 मध्ये हॅम्लेट रंगवला तो मात्र पुरुष म्हणूनच. नटी बाई असणं आणि पात्र बाई असणं यांत घोळ करणाऱ्यांनी हे दोन हॅम्लेट शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

तीच व्यक्ती कथेतच खरोखर बाई होते असं मला ठाऊक असलेलं चोख उदाहरण चित्रपटातलं नाही, दूरचित्रवाणीवरचं आहे. 'डॉक्टर हू' या मालिकेचा 'डॉक्टर' नावाचा नायक मरणाच्या दारात नवं शरीर धारण करतो, आणि 2017 च्या अखेरीस तो जोडी व्हिटकरच्या रूपात आला. आता हे मराठीत सांगून बघा. 'डॉक्टर बाई झाला' की 'डॉक्टर बाई झाली'? दोन्ही अडतात. कारण रूपांतर सांगायची मराठीची रीत वेगळी आहे: दुधाचं दही झालं, राजाचा रंक झाला. जुन्याला 'चा-ची-चं' लागतो आणि क्रियापद नव्याच्या मागे जातं. त्या रीतीने वाक्य होतं 'नायकाची नायिका झाली'. आणि हे वाक्य ऐकल्यावर कुठल्याही मराठी माणसाला काय कळतं? कुणीतरी नायकाची प्रेयसी झाली! व्याकरण शुद्ध, अर्थ भलताच.

हा भलता अर्थ कुठून आला, ते खरं बघण्यासारखं आहे.

'नायक'चा धातू आहे 'नी', म्हणजे नेणे. आपलं 'नेणे' त्याच्यापासून, आणि 'आ' लावून 'आनयति'पासून 'आणणे'. म्हणजे 'ने-आण' या जोडशब्दात एकच धातू दोनदा बसलाय, एकदा जाताना आणि एकदा येताना. नीती, विनय, प्रणय, अनुनय, उपनयन, निर्णय ही सगळी त्याचीच पिलावळ. डोळ्याला 'नेत्र' म्हणतात तेही याच धातूवरून, कारण तो आपल्याला नेतो. 'अभिनय'सुद्धा: नाट्यार्थ प्रेक्षकांच्या समोर नेणं. ('न्याय'ही यातलाच, असं काही पुस्तकं सांगतात. ते चूक आहे. तो 'नि' अधिक 'इ' या धातूचा आहे, आणि पाणिनीने एकाच सूत्रात 'नी' आणि 'इ' वेगळे मोजून ते स्पष्ट केलंय.) तर नायक म्हणजे नेणारा. देखणा, बलवान, गाणी म्हणणारा यातलं काहीही धातूत नाही. कथेला पुढे नेतो तो नायक. 'दशरूपक' या संस्कृत नाट्यग्रंथाचा कर्ता धनंजय तर नायकाची लक्षणं सांगायला सुरुवातच 'नेता विनीतो मधुरः' अशी करतो. त्याच्या लेखी नायक हा नेताच.

मग नायिका म्हणजे नेणारी. इथे एक लोकप्रिय गैरसमज ठेचायला हवा. '-इका' हा लघुत्वाचा प्रत्यय आहे, पुस्तकाची पुस्तिका आणि नाटकाची नाटिका तशी नायकाची नायिका म्हणजे छोटा नायक, म्हणून लेखिका-नायिका हे शब्दच अपमानास्पद, असं ठासून सांगणारे पुष्कळ जाणकार आहेत. त्यांनी पाणिनी उघडलेला नाही. सातव्या अध्यायातलं 'प्रत्ययस्थात्कात्पूर्वस्यात इदाप्यसुपः' हे सूत्र (7.3.44) सांगतं की प्रत्ययातल्या 'क'च्या आधीच्या 'अ'चा पुढे स्त्रीलिंगी 'आ' आला की 'इ' होतो. कारक-कारिका, पाचक-पाचिका, नायक-नायिका. हा निव्वळ ध्वनीचा व्यवहार आहे. पुस्तिकेतला लहानपणा अल्पत्व दाखवणाऱ्या वेगळ्या 'क' प्रत्ययातून येतो, या 'इ'मधून नव्हे. नायिकेची 'इ' तिला तसूभरही लहान करत नाही.

तिला लहान केलं ते शास्त्रकारांनी. धनंजय नायिकेला 'तद्गुणा' म्हणतो, म्हणजे नायकाचेच गुण असलेली. केवढा मोठा शब्द! आणि त्याच दमात तिचे तीन प्रकार करतो: स्वा, अन्या, साधारणस्त्री. स्वतःची, दुसऱ्याची, सगळ्यांची. नायकाचे प्रकार त्याच्या स्वभावावरून, धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत; नायिकेचे प्रकार ती कुणाची यावरून. भरतमुनीच्या नाट्यशास्त्रापासून चालत आलेल्या अष्टनायिका घ्या. वासकसज्जा सजून वाट बघते, विरहोत्कंठिता झुरते, खंडिता रागावते कारण तो दुसरीकडून आला, विप्रलब्धेला तो भेटायचं ठरवून येतच नाही, प्रोषितभर्तृकेचा नवरा परदेशी गेलाय. एकटी अभिसारिका पाय उचलून चालायला लागते, पण तीही त्याच्याकडेच. आठांपैकी एकही कुणाला कुठे नेत नाही. शब्दाचा अर्थ 'नेणारी' आणि काम थांबण्याचं!

मराठीने तर आणखी एक पाऊल टाकलं. 'नायक'चा आपल्याकडे 'नाईक' झाला, हुद्दा झाला, आडनाव झालं. त्याला आपला अस्सल '-ईण' लावून माळी-माळीणसारखं स्त्रीरूप केलं तर काय मिळतं? नायकीण. आणि नायकीण म्हणजे कलावंतीण, गाणारी-नाचणारी. तोच धातू, तोच मूळ शब्द. पुरुषाला पलटणीत हुद्दा मिळाला आणि बाईला बैठक. म्हणून मी म्हणतो की मराठीत 'नायक'च्या दोन्ही स्त्रीरूपांची जागा आधीच अडलेली आहे. 'नायिका'त प्रेयसी बसली आहे, 'नायकीण'मध्ये कलावंतीण. नेणाऱ्या बाईला घर उरलेलं नाही.

'वीर'कडे वळावं तर तिथेही तेच. वीर आणि लॅटिन 'विर' हे सख्खे भाऊ, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सरळ 'पुरुष'. 'वीरांगना' हा समास तर दोन्हीकडे फुटतो: वीर असलेली अंगना, किंवा वीराची अंगना. पुन्हा 'ची'!

यावर माझा उपाय वर्षानुवर्षं एकच आहे आणि तो मी सोडणार नाही: नाम बदलू नका, क्रियापद बदला. 'नवी नायक आली.' 'या भागाची नायक एक वैमानिक आहे.' बस्स. कानाला खटकतं म्हणणाऱ्यांना विचारतो, 'डॉक्टर आली', 'वकील बोलली', 'सरपंच रागावली', 'न्यायाधीश म्हणाल्या' हे का खटकत नाही? डॉक्टरीण म्हणजे डॉक्टरची बायको, हे मराठीने कधीच ओळखलं आणि बाई स्वतः डॉक्टर असेल तेव्हा नाम तसंच ठेवून 'डॉक्टर आली' म्हटलं.  मराठीत लिंग दाखवायला विशेषण आहे, क्रियापद आहे. नामाच्या शेपटीला हात लावायची गरजच नाही. पतंजलीनेही महाभाष्यात म्हणून ठेवलंय, 'लिङ्गमशिष्यं लोकाश्रयत्वाल्लिङ्गस्य'. लिंग शिकवून येत नाही, ते लोकांच्या वापरावर अवलंबून असतं. संस्कृतात बायकोसाठी 'दार' पुल्लिंगी, 'कलत्र' नपुंसकलिंगी आणि 'भार्या' स्त्रीलिंगी, तिन्ही शब्द सुखाने नांदले. मग एक 'नायक' स्त्रीलिंगात वापरला तर काय बिघडणार आहे?

'स्त्री-नायक', 'महिला नायक', 'लेडी बाँड' हे मात्र नकोच. त्यात मूळ पद पुरुषाचंच आणि ही अपवाद म्हणून आलेली, असा पाहुणेपणा राहतो. (आणि हात जोडून विनंती, 'कवियत्री' लिहू नका. शब्द कवयित्री आहे, 'कवयिता'चं स्त्रीरूप.)

असे बदल करावेत की नाहीत, हा वाद वेगळा. बाँडपटांच्या तेव्हाच्या निर्मात्या बार्बरा ब्रोकोली यांनी 2020 मध्ये सांगितलं होतं की बाँड कोणत्याही वर्णाचा असू शकतो, पण तो पुरुष आहे. बायकांसाठी नवी पात्रं घडवावीत. मला ते पटतं. पुरुषाचं पात्र बाईला चढवणं आणि 'नेणारी' असं तिचं स्वतःचं पात्र असणं यांत दुसरं नेहमीच मजबूत. पण थॉरचं उदाहरण मला उलट्या बाजूला ओढतं. थॉरचा हातोडा फक्त लायक असेल त्यालाच उचलता येतो. कॉमिकमध्ये 2014 साली तो हातोडा एका बाईने उचलला तेव्हा त्यावर कोरलेला 'तो पात्र असेल तर' हा लेख 'ती पात्र असेल तर' असा बदलला. पुढे 2022 च्या चित्रपटात जेन फॉस्टरने तो पेलला. तिथे कुणीही कुणाचा अवतार झालेलं नाही, हातोड्याने लायकी ओळखली. इंग्रजीत त्यासाठी सर्वनाम खोडावं लागलं. मराठीत 'जे कोणी हा हातोडा उचलेल, ते पात्र असेल तर' असं कोरलं असतं तर एक अक्षर बदलावं लागलं नसतं, कारण 'उचलेल' आणि 'असेल' या रूपांना लिंगच नाही. तो येईल, ती येईल, ते येईल. आणि त्या वाक्यातला 'पात्र' हा शब्दही कसा नेमका बसतो पाहा: लायक तेही पात्र, आणि कथेतलं तेही पात्र.

उलटी अडचणही आहे. 1979 च्या 'एलियन'च्या पटकथेत सुरुवातीलाच टीप होती की यानावरची सगळी पात्रं पुरुष किंवा स्त्री, कोणीही करू शकतं. त्यातूनच सिगर्नी वीव्हरची रिप्ली निघाली. ती पटकथा मराठीत आणायची तर 'रिप्ली दार उघडते' लिहिताक्षणी टीप खोटी पडते. त्यावर तोड आहे कर्मणी प्रयोग: 'रिप्लीनं दार उघडलं.' क्रियापद दाराच्या मागे गेलं, रिप्ली मोकळी. रिप्लीनं बटण दाबलं, दोर कापला, खिडकी फोडली, काहीही लिहा, कर्त्याचं लिंग बाहेर फुटत नाही. अकर्मक क्रियापदाला मात्र ही सोय नाही. रिप्ली पळाली, नाहीतर पळाला. आणि राक्षस मागे लागलेल्या कथेत पळण्याची वेळ फार लवकर येते, त्यामुळे अनुवादकाला पहिल्या काही पानांतच ठरवून टाकावं लागेल.