भाच्यासाठी चाकू, त्याच्याच मुठीच्या मापाचा

प्रश्न : माझा भाचा ११ वर्षांचा आहे. यंदा तो शाळेच्या स्काऊट पथकात गेला. दिवाळीनंतर त्यांचा पहिला मुक्कामी कॅम्प आहे. त्याआधी खंडेनवमीला गावातल्या लोहाराकडून खास चाकू घडवून त्याला अचानक द्यावा असं मनात आहे. ६ इंची पातं, पाठीला करवतीचे दाते, स्टेनलेस स्टील असं मी ठरवलंय. लोहार म्हणतो, उसाच्या ट्रॉलीच्या स्प्रिंगच्या पाट्यातून करू. बहीण म्हणते, एवढ्याशा पोराच्या हातात चाकू कशाला? काय करावं?
– एक मामा, तासगाव तालुका

उत्तर : मामा, चाकू जरूर करा. लोहाराचं ऐका, बहिणीचंही ऐका, आणि ६ इंचांचा हट्ट सोडा.

कराडला आमच्या भट्टीवर खुरपी, विळे, कोयते घडवण्यात माझं आयुष्य गेलं. हत्यार कुणासाठी आहे हे कळल्याशिवाय मी लोखंड तापवत नाही. स्काऊटचं पोर चाकूनं काय करणार? दोरी कापणार, तंबूची खुंटी तासणार, चुलीसाठी ढलप्या काढणार, कांदा चिरणार. त्याला ३ इंचांचं पातं पुरतं. जाडी पाठीला ३ मिलिमीटर ठेवा. टोक खंजिरासारखं नको, पाठ पुढे हळूच उतरती ठेवा. पाठीचे दाते तर मुळीच नकोत. लाकूड तासताना अंगठा पाठीवर ठेवूनच पातं ताब्यात राहतं. तिथे दाते असले तर अंगठा ठेवायचा कुठे? मिटणारा चाकू आणावा असंही कुणी सुचवेल. खटका नसलेला तसा चाकू जोर लावताना बोटांवर मिटतो. एकसंध पातंच बरं.

लोहार म्हणतो तो पाटा उत्तम. त्यात साधारण अर्धा-पाऊण टक्का कार्बन असतो, म्हणून ते पोलाद कडक होतं आणि चिवटही राहतं. स्वस्तातल्या स्टेनलेस पात्यांची धार लवकर बोथट होते, आणि चांगल्या स्टेनलेसला जितकं नेमकं तापमान लागतं तितकं गावच्या भट्टीत सांभाळता येत नाही. मात्र पाट्याचा तुकडा बघून घ्या. वर्षानुवर्षं ओझं वाहिलेल्या पाट्यात बारीक चिरा असतात, त्यातही मधल्या बोल्टच्या भोकाजवळ. तुकडा टोकाकडचा मागा.

घडवून झाल्यावर पातं लालभडक तापवतात. साधारण ७७० अंशांपाशी लोहचुंबक त्याला चिकटेनासं होतं. त्याच्याही थोडं पुढे नेऊन कोमट तेलात बुडवायचं. या पोलादाला थंड पाण्यात बुडवलं तर तडा जायची भीती असते. तेलातून निघालेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून ते लगेच घासून पुन्हा हलकं तापवावं लागतं, फिकट गव्हाळ पिवळा रंग चढेपर्यंत. घरी ओव्हन असेल तर २०० अंशांवर दोन तास ठेवा. हे दुसरं तापवणं घाईत राहून जातं, आणि मग दगडावर पडलेल्या चाकूचं टोक उडतं. लोहाराला हे आवर्जून विचारा. विचारल्याचा चांगल्या कारागिराला राग येत नाही.

आता मूठ. इथे तुमचं गुपित फोडावं लागेल, आणि ते फोडाच. पोराला भट्टीवर घेऊन जा. ओल्या मातीचा गोळा त्याला मुठीत घट्ट धरायला सांगा आणि तो ठसा लोहाराला द्या. मूठ तळव्याच्या रुंदीपेक्षा दोन बोटं लांब असू द्या. दोन वर्षांत हात वाढतो. पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत जायला हवं, दोन्ही बाजूंनी शिसवीच्या किंवा वाळलेल्या बाभळीच्या फळ्या, पितळेचे रिव्हेट, आणि बोट पुढे घसरू नये म्हणून तोंडाशी छोटा उंचवटा. पॉलिश पेपरनं घासायचं काम मात्र लोहाराला देऊ नका. ते भाच्याला करू द्या. जिथे बोचतंय तिथे तो स्वतःच घासेल. वर जवसाचं तेल चोळायचं, ते वाळतं. शेंगतेल चिकट राहतं. तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकते. पसरून वाळवा.

म्यान चपला शिवणाऱ्या कारागिराकडून घ्या. कोल्हापुरी चपलांच्या भौगोलिक मानांकनात आपले सांगली आणि सातारा हे जिल्हेही आहेत, तेव्हा लांब जायला नको. घरी आल्यावर चाकू म्यानात ठेवू नये, चामड्याच्या ओलीनं गंज चढतो. पुसून, खोबरेलाचं बोट फिरवून बाहेर ठेवावा.

खंडेनवमीला हत्यारं पुजलेली असतात, त्या दिवशी आमच्याकडे घण उचलत नाहीत. गणपती उठताच लोहाराकडे जा.

बहिणीची काळजी खरी आहे. पहिले काही आठवडे मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय चाकू काढायचा नाही, हे तिच्यासमोर ठरवा. बसून कापायचं, धार अंगापासून दूर, हाताच्या टप्प्यात दुसरं कुणी नाही, आणि देताना मूठ समोरच्याकडे. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे. तुमचा चाकू त्यात बसत नाही. तरी सणासुदीला पोलिसांचे बंदी आदेश निघतात, म्हणून एसटीत तो कमरेला लावायचा नाही, पिशवीच्या तळाशी ठेवायचा. कॅम्पआधी स्काऊट मास्तरांना विचारा. चाकू त्यांच्याकडे जमा ठेवायचा असेल तर म्यानावर भाच्याचं नाव कोरून घ्या, म्हणजे अदलाबदल होणार नाही.