'वेश्या'तला श

प्रश्न : वेश्याव्यवसायावरच्या वादात 'कायदेशीर करणे' आणि 'गुन्ह्यातून वगळणे' हे अदलून-बदलून ऐकू येतं. अर्थ एकच का? आणि 'वेश्या' हा शब्द 'वेष'वरून आला ना?

दुसऱ्या भागाला आधी हात घालतो, कारण हा 'वेष' ऐकून माझे कान किटलेत. बाजूने बोलणारे असोत की विरोधातले, 'वेष करून बसते ती वेश्या' हे भाषणात येतंच. काही जण तर चक्क 'वेष्या' लिहितात. साफ चूक! 'वेष'पासून होतो तो 'वेष्य', पोटफोड्या षचा, आणि काशिकेने, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या जुन्या टीकेने, त्याचं उदाहरण दिलंय 'वेष्यो नटः', वेषाने शोभणारा नट. वेश्येतला श शहामृगातला. तो येतो 'विश्' धातूतून : आत शिरणे, वस्ती करणे. 'प्रवेश' तिथलाच. 'वेश' म्हणजे घर, वस्ती, पुढे एक विशिष्ट वस्ती. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश पोशाखाचे शब्द मनुष्यवर्गात, माणसाच्या शब्दांत देतो; 'वेशो वेश्याजनसमाश्रयः' (वेश म्हणजे वेश्यांची वस्ती) मात्र पुरवर्गात, नगराच्या शब्दांत. पोशाखाच्या अर्थानेही 'वेश' लिहिलेलं सापडतं, आणि वेषवाले पंडित तेवढ्यावरच भिस्त ठेवतात. लेखनातल्या सरमिसळीवर व्युत्पत्ती रचायची नसते, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

आता खरा आनंद. या 'वेश'चा ग्रीक भाऊ 'ओइकोस', म्हणजे घर. घराचा कारभार तो 'ओइकोनोमिया', त्यातूनच आजची 'इकॉनॉमी'. लॅटिन भाऊ 'वीकुस', म्हणजे आळी, वस्ती. 'विश्' म्हणजे प्रजा, त्यावरून 'वैश्य'. वेश्या, वैश्य आणि इकॉनॉमी एकाच कुळातल्या! गावाची 'वेस'ही त्यातलीच, असा माझा जुना कयास आहे. आत शिरायची जागाच ती. 'वेश्या' या शब्दात मुळात नटवेपणा नाही की ठपका नाही, आहे तो फक्त राहण्याचा पत्ता.

हां, पहिला प्रश्न. अर्थ एक नाही. 'कायदेशीर'ला दोन अर्थ चिकटलेत : गुन्हा नसलेलं, आणि नियम-परवाने लावून चालू दिलेलं. न्यूझीलंडने २००३ साली प्रौढांमधला हा संमतीचा व्यवहार गुन्ह्यातून वगळला. जर्मनीने २००२ च्या कायद्याने त्याला मान्यता दिली, २०१७ पासून नोंदणीही सक्तीची केली. पहिल्याला 'गुन्ह्यातून वगळणे' म्हणा, दुसऱ्याला 'नियमन'. स्वीडनमध्ये १९९९ पासून विकणाऱ्यावर गुन्हा नाही, विकत घेणाऱ्यावर आहे. त्याला 'कायदेशीर' म्हणणारेही मी ऐकलेत, आणि तेच पुढच्या वाक्यात 'वेष' काढतात.