गर्भ राहिल्याचं माहीत नसताना छातीचा एक्स-रे काढला. बाळाच्या डीएनएला इजा होईल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पत्नीचा खोकला हटेना म्हणून छातीचे दोन एक्स-रे काढले, आणि नंतर कळलं की तेव्हा पाचवा आठवडा चालू होता. आता घरात एकच बोलणं: किरणांनी डीएनए तुटतो, मूल अधू निघेल, त्यापेक्षा गोळ्या घेऊन मोकळं व्हा. आधी उत्तर देते, कारण बाकीचं वाचेपर्यंत तुमचा जीव टांगणीला लागायला नको. या दोन एक्स-रेंपायी गर्भ पाडायचं काहीही कारण नाही.

मी एक्स-रे टेक्निशियन आहे. अमळनेर, पारोळा, धुळे या पट्ट्यात 22 वर्षं हेच काम करते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, ऐन कापूस वेचणीत, एक विशीतली पोरगी आणि तिची सासू फिल्मचं पाकीट घेऊन परत आल्या. पाळी चुकल्याचं त्यांना घरी गेल्यावर लक्षात आलं होतं. सासूने विचारलं, "ताई, आते कसं व्हई?" मी म्हटलं, काही सांगता येत नाही, डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांनीही आकडा न बघता "रिस्क कशाला घेता" एवढंच सांगितलं. त्यांनी गर्भ पाडला. पहिलटकरीण होती ती. तो गर्भ एक्स-रेने गेला नाही, माझ्या त्या एका वाक्याने गेला, असं मला आजही वाटतं. त्या दिवशी मला आकडा माहीत नव्हता.

आकडा असा. छातीच्या एका एक्स-रेत गर्भाशयापर्यंत पोचणारी किरणांची मात्रा 0.01 मिलीग्रेपेक्षा कमी असते (मिलीग्रे म्हणजे शरीरात किती किरण शोषले गेले ते मोजायचं माप). दोन काढले तर फार तर 0.02. गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका ज्याच्या खाली दिसत नाही, ती पातळी 100 मिलीग्रेच्या आसपास धरतात. तुमच्या पत्नीला त्याचा पाच हजारावा भागही मिळालेला नाही. जमीन, हवा, अन्न यांतून कोणत्याही गर्भाला नऊ महिन्यांत साधारण अर्धा ते एक मिलीग्रे मिळतोच. आपल्या रावेर-यावलच्या केळ्यात जे पोटॅशियम असतं, त्याचाही एक सूक्ष्म अंश मुळातच किरणोत्सर्गी असतो. तोच आईच्या अंगातही असतो, बाळाच्याही.

डीएनए तुटतो हे घरचे म्हणतात ते मात्र खरं आहे. किरण कधी थेट डीएनएवर आदळतो, कधी पेशीतल्या पाण्याचे तुकडे करतो आणि ते तुकडे डीएनएला चावतात. डीएनएच्या दोन पदरांपैकी एक तुटला तर पेशी दुसरा पदर बघून तो सांधते. हे काम तिला रोजचंच आहे, कारण एक्स-रे न काढताही प्रत्येक पेशीत दिवसाला हजारो ठिकाणी अशी झीज होते. दोन्ही पदर एकाच जागी तुटले की अवघड. मग तीन गोष्टी होऊ शकतात: नीट सांधलं जातं, चुकीचं सांधलं जातं, किंवा पेशी स्वतःलाच संपवते. तुमच्या-माझ्या हातातल्या चार पेशी संपल्या तर काही बिघडत नाही. गर्भात त्याच चार पेशींतून पुढे एखादा अवयव व्हायचा असू शकतो, म्हणून तिथे किती पेशी मेल्या आणि कधी मेल्या, दोन्हीला महत्त्व आहे.

शेतकऱ्याला हे पटकन समजतं. कापूस लावल्यावर पहिल्या काही दिवसांत रोपं मेली तर आपण नांग्या भरतो, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी लावतो, शेत पूर्ववत होतं. पण पाती-बोंडं लागल्यावर नांग्या भरून उपयोग नसतो. गर्भधारणेनंतरचे पहिले दोन आठवडे नांग्या भरण्याचे. तेव्हा मोठी मात्रा मिळाली तर एक तर गर्भ रुजतच नाही, नाहीतर उरलेल्या पेशी जागा भरून काढतात आणि तो सुखरूप वाढतो. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात अवयव घडतात, तेव्हा मोठ्या मात्रेने व्यंग येऊ शकतं. तुमच्या पत्नीचा गर्भ याच्या सुरुवातीला होता. डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून त्यांचा पाचवा म्हणजे गर्भाचा तिसरा. काळ नाजूक होता हे मी लपवत नाही. पण मात्रा नगण्य होती.

मेंदूसाठी सगळ्यात नाजूक काळ गर्भाचा आठवा ते पंधरावा आठवडा. हे जगाला कळलं ते फार मोठी किंमत मोजून. ऑगस्ट 1945 मध्ये अणुबॉम्ब पडले तेव्हा हिरोशिमा आणि नागासाकीत जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांतल्या सुमारे 1,600 जणांवर पुढे वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांतली 30 मुलं गंभीर मतिमंद निघाली, आणि जास्तीत जास्त इजा झाली ती आठ ते पंधरा आठवड्यांच्या दरम्यान मोठी मात्रा मिळालेल्यांना. त्या काळात मेंदूच्या पेशी भराभर वाढून आपापल्या जागी सरकत असतात. आठव्या आठवड्याच्या आधीच्यांत किरणांमुळे हा परिणाम दिसला नाही.

दुसरी इजा मरणाऱ्या पेशीची नाही, चुकीचं सांधून जगलेल्या पेशीची: पुढे कॅन्सर. इंग्लंडमध्ये ॲलिस स्ट्युअर्ट या संशोधक डॉक्टरांनी 1956 मध्ये दाखवलं की गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या आयांच्या मुलांत बालपणीचे कॅन्सर थोडे जास्त आढळतात. तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवायला फारसं कोणी तयार नव्हतं. याला खालची सुरक्षित पातळी धरत नाहीत, म्हणूनच आम्ही गरज नसताना एक काडीही जास्त देत नाही. पण 10 मिलीग्रेला हा वाढीव धोका दहा हजारांत सहाच्या आसपास मानतात. तुमचे 0.02 त्यात कुठे बसतात ते तुम्हीच बघा.

खरी काळजी केव्हा करायची तेही सांगते. पोट-ओटीपोटाचा सीटी स्कॅन, तोही एकापेक्षा जास्त वेळा, कॅन्सरचे शेक, थायरॉइडसाठी दिलेलं किरणोत्सर्गी आयोडीन, कारण अडीच-तीन महिन्यांनंतर बाळाची थायरॉइड ते ओढून घेते. अशा वेळी तपासणीच्या ठिकाणी मात्रेची नोंद मागा, रेडिओलॉजिस्टकडून गर्भाची मात्रा काढून घ्या, आणि मगच काय ते ठरवा. सोनोग्राफीत असे किरण नसतातच, ती भीती पूर्ण सोडा.

भीतीने काय होतं त्याचं एक उदाहरण ग्रीसचं आहे. 1986 च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर तिथे पोचलेली मात्रा अगदी थोडी होती. तरी अफवा आणि डॉक्टरांच्या गोंधळामुळे सुमारे अडीच हजार हवेहवेसे गर्भ पाडले गेले, असा तिथल्याच संशोधकांचा अंदाज आहे. ते वाचलं तेव्हा मला पाकीट घेऊन उभी असलेली ती सासू आठवली.

एक मात्र करा. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर थुंकी तपासून घ्या. उपचाराविना राहिलेला टीबी आईला आणि बाळाला या एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त त्रास देईल. डॉक्टरांना गरोदरपण सांगा, ते त्याप्रमाणे औषध निवडतील.

आणि फिल्म घरी असेल तर तुमच्या आईंना खिडकीपाशी बोलवा. काढताना आम्ही दिव्याचा एक चौकोन छातीवर पाडतो, किरण तेवढ्याच चौकोनात जातात. फिल्म उजेडात धरा. वर गळपट्टीची हाडं दिसतील, मधे हृदयाची पांढरी सावली, आणि खाली बरगड्यांपाशी कड संपेल. गर्भाशय त्याच्याही वीतभर खाली. आईंना म्हणा, यात बाळ कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा.