समुद्राकाठचं घर घेताय?

फोटो बघून हुरळून जाऊ नका. सुट्टीच्या हंगामात अशा गावातलं प्रत्येक घर छानच दिसतं. तुम्ही ऐन पावसात किंवा गर्दी ओसरल्यावर जा, म्हणजे भिंतीतली ओल आणि आजूबाजूची कुलपं दोन्ही दिसतील.

आधी स्लॅबची खालची बाजू नीट बघा, माझ्या मते निम्मा निर्णय तिथेच होतो. खारी हवा काँक्रीटमध्ये मुरते, आतली सळई गंजते आणि गंज मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट जागा घेतो. त्या दाबाने काँक्रीटला भेगा पडून पोपडे सुटतात. नुकताच रंग दिलेला असेल तर ठोकून पाहा. बद्द आवाज आला की समजा, आत मोठं काम निघणार. बिजागऱ्या, स्क्रू बदलायची वेळ आली तर ३०४ नको, खाऱ्या हवेत जास्त टिकणारं ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या. विहीर किंवा बोअर असेल तर पाण्यातल्या क्षारांची तपासणी करून घ्या.

आणि वडिलोपार्जित घर असेल तर किमतीची बोलणी करण्याआधी सगळ्या वारसांची लेखी संमती मागा. ‘बहीण परदेशात असते, तिचं काही म्हणणं नाही’ असं विकणाऱ्याने कितीही प्रेमाने सांगितलं, तरी तिची सही येईपर्यंत इसार देऊ नका.