बिट्टू फक्त माझ्याबरोबरच का भुंकतो?

"ताई, आमचा बिट्टू साडेतीन वर्षांचा, इंडी म्हणजे आपला देशी कुत्रा, घरात एकदम गुणी. पण खाली नेला आणि दुसरा कुत्रा दिसला की अंगावर धावून जातो, भुंकून सोसायटी डोक्यावर घेतो. गेल्या पावसाळ्यात गेटपाशी दोन भटक्या कुत्र्यांनी त्याला धरलं होतं, तेव्हापासून हे सुरू झालंय. मिस्टर नेतात तेव्हा मात्र फारसं काही करत नाही! सासूबाई म्हणतात गावी पाठवून द्या. माझंच काही चुकतंय का?"
– वैतागलेली, ठाणे

अगं, तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात कामाचं वाटलं ते मिस्टरांचं वाक्य. कुत्रा तोच, गेट तेच, खालची कुत्रीही तीच, बदलतो तो फक्त पट्टा धरणारा हात. मी काही तिथे नव्हते पण पैज लावते, लिफ्टचं दार उघडायच्या आधीच तू पट्ट्याचे दोन वेढे हाताला घेतेस, त्याला पायाशी ओढतेस आणि श्वास रोखून लॉबीत इकडेतिकडे बघतेस की कोणाचा कुत्रा तर नाही ना. बिट्टूला तोवर काहीही दिसलेलं नसतं, त्याला एवढंच कळतं की गळ्याशी ओढ बसली, मम्मा थबकली, म्हणजे काहीतरी येतंय. मग येणारा शेजारचा म्हातारा पग का असेना. मिस्टर बहुतेक फोनमध्ये डोकं घालून चालत असणार, पट्टा सैल, आजूबाजूला लक्षच नाही, आणि त्यांचा हा गुण बहुधा पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामी आलाय.

आणि तोंडाने कितीही गोड "काही नाही हं बाळा" म्हण, नाकाला फसवता येत नाही. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत माणसांना भराभर अवघड तोंडी गणितं करायला लावली, त्याआधीचा आणि नंतरचा घाम आणि श्वास कुत्र्यांना हुंगायला दिला, तर त्यांनी टेन्शनवाला नमुना जवळजवळ ९४ टक्के वेळा बरोबर ओळखला (२०२२ मधलं काम आहे, कुत्रे चारच होते, पण तरी). स्वीडनमध्ये २०१९ साली ५८ कुत्रे आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, तपासलं, जिचं जास्त तिच्या कुत्र्याचंही जास्त असं दिसलं. ते शेल्टी आणि बॉर्डर कॉली जातीचे होते, आपल्या इंडीला तस्संच लागू होईल असं मी छातीठोक सांगणार नाही.

पण म्हणून "माझ्यामुळेच झालं" असं घेऊन बसू नकोस प्लीज. त्याला खरंच धरलं होतं ना, मग भीती खरीच आहे, तुझीही आणि त्याचीही, फक्त तुम्ही दोघं ती रोज एकमेकांना परत देताय.

तर आधी ते वेढे सोड, झटका बसला तर बोटं मोडतील ते वेगळंच. साधा पाच-सहा फुटी पट्टा घे, गळ्याऐवजी छातीभोवतीच्या हार्नेसला लाव आणि मध्ये झोळी पडेल इतका सैल ठेव. काही दिवस गर्दीची वेळ टाळ. लांब कुत्रा दिसला आणि बिट्टू नुसता बघतोय, भुंकत नाहीये, तेवढ्या अंतरावरच उभी राहा आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा दे, तो बघेल, खाईल, परत बघेल, बास, घरी चला. अंतर आठवड्या-आठवड्याने कमी कर, घाई केलीस की सगळं मुसळ केरात. अचानक कोणी समोर आलंच तर "नो बिट्टू नोsss" न करता सरळ वळून दुसरीकडे चालायला लाग. कोणी चोक चेन सुचवली तर अजिबात नको, दुसरा कुत्रा दिसला की गळा आवळतो एवढंच तो शिकेल. आणि घाबरल्यावर जवळ घेतलं तर लाडावतो असं लोक म्हणतात ना, ते सोडून दे, खुशाल जवळ घे.

गावी पाठवायचं म्हणशील तर फ्लॅटमध्ये वाढलेला, कुत्र्यांना घाबरणारा जीव तिथल्या मोकळ्या कुत्र्यांच्या टोळीत सोडायचा? सासूबाईंना हे एवढंच विचार, शांतपणे.

आणि हो, या सगळ्याच्या आधी वेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, जा. त्या मारामारीत मान किंवा खांदा दुखावला असेल तर तू ओढलंस की कळ जात असेल, आणि मिस्टरांचा पट्टा सैल म्हणून त्यांच्याकडे तो गप्प राहत असेल. तेव्हा दात लागले होते का हे तू लिहिलं नाहीस, लागले असतील तर रेबीजचा बूस्टर दिला होता का तेही फाइलमध्ये बघून घे.